लाल खटका

बसऱ्याच्या अशार बाजारात कंप्युटर दुरुस्त करणारे पंधरा-वीस जण तरी असतील, पण पॉवर सप्लाय दुरुस्त करणारा एकच, अबू गायब. बाकीच्यांचा खाक्या सोपा होता. गिऱ्हाइकानं कंप्युटर आणला की आतल्या विजेच्या डब्याचा वास घ्यायचा, "मेला" म्हणायचं, तो कोपऱ्यात भिरकावायचा आणि नवा चिनी डबा बसवून मोकळं व्हायचं. ते भिरकावलेले डबे अबू गायब उचलून आणी. त्याच्या चिंचोळ्या दुकानात भिंतीला लागून अशा मेलेल्या डब्यांची थप्पी छताला भिडलेली असे, आणि तिच्या पायाशी स्टुलावर हा बसलेला, चष्मा कपाळावर, हातात मीटर.

समोरचा चहावाला शनावा त्याची रोज खोडी काढी. "अरे, हे दुकान आहे की कबरस्तान?"

"कबरस्तानातून उठून कोणी घरी गेलेलं पाहिलंयस का?" अबू गायब मान वर न करता म्हणे. "माझ्याकडून जातात."

आणि खरंच जात. घाई त्याच्या अंगातच नव्हती. डबा उघडला की आधी नाकानं तपासायचा, मग डोळ्यांनी, मग मीटरनं. सगळं बदलून झालं तरी थेट विजेला लावायचा नाही. मध्ये शंभरचा एक साधा बल्ब घालायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर डबा वाचला. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी अजून घोटाळा आहे. "बल्ब खोटं बोलत नाही," तो म्हणायचा. "माणसं बोलतात. म्हणतात, मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला."

त्याचं खरं नाव जब्बार. आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, बाप तो अबू अमका, आई ती उम्म अमका, आणि ज्याला मूल नाही त्याला अबू गायब म्हणतात. अजून न दिसलेल्या मुलाचा बाप. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा त्या नावात आशीर्वाद होता. आज नाही तर उद्या येईल. अठ्ठावीस वर्षं झाल्यावर ते नुसतं नाव उरलं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं जब्बार सांगत असे. त्याची बायको बद्रिया मात्र त्याला त्या नावानं कधी म्हणजे कधी हाक मारत नसे.

आता त्या लाल खटक्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी रड तिथलीच आहे. डब्याच्या पाठीला बोटाच्या पेराएवढा एक लाल खटका असतो. तो वर असला की डबा दोनशेवीसच्या विजेवर चालतो, खाली असला की एकशेदहाच्या. बसऱ्यात त्याला हात लावायचं कुणाला काही कारण नाही. पण त्या वर्षांत उन्हाळा आला की वतनी, म्हणजे सरकारी वीज, एकशेतीस-चाळीसवर येऊन धापा टाकत बसे. पंखे रेंगाळत, फ्रिज नुसते कण्हत, आणि कंप्युटर तर चालूच होत नसत. तेव्हा जब्बारनं शक्कल लढवली. खटका खाली करा, बिनधास्त चालेल. मात्र वतनी गेली आणि गल्लीतला जनरेटर सुरू झाला, की आधी खटका वर आणि मगच बटण. जनरेटर पुरते दोनशेवीस देतो. तेव्हा खटका खाली राहिला तर डब्यातले मोठे कपॅसिटर फुटलेच म्हणून समजा.

परीक्षेच्या दिवसांत ही युक्ती घरोघर गेली. पोरं त्याला दुवा देत. एखादा खटका वर करायला विसरायचा, धाडकन आवाज व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो हसत हसत डबा काखेत मारून दुकानात हजर. "आजारही तूच वाटतोस आणि औषधही तूच देतोस," शनावा म्हणायचा. जब्बार हसायचा. फुटलेला डबा दोन तासांत नीट होतो, त्यात काय एवढं, असंच त्याला वाटे. पुढे नवे ट्रान्सफॉर्मर आले, वतनी सुधारली, लोक खटका विसरून गेले. जब्बारही विसरला.

एका जुलैच्या दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं अशा वेळी, एक बाई हातगाडीवर कंप्युटर घालून त्याच्या दारात आली. साठीची असेल. अंगावर काळा अबाया, आणि कंप्युटर फुलाफुलांच्या चादरीत तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला. गाडीवाल्याला ती सारखी म्हणत होती, "हळू रे बाबा, हळू."

"अबू गायब तुम्हीच ना?" तिनं विचारलं.

"मीच. बसा, उम्म...?"

"उम्म हुमाम. पण तुमचं दुसरं काही नाव असेल तर सांगा. हे माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही."

त्याला काही कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलंही नाही. "जब्बार."

"बरं. मी आपलं उस्ता म्हणते, कारागिराला म्हणतात तसं." ती स्टुलाच्या टोकावर बसली. "काल दुपारी लावला. धाड झालं, धूर आला. मी प्लग ओढून काढला."

"ह्याच्या आधी कधी लावला होता?"

"मी? कधीच नाही. हुमाम लावायचा. पाच वर्षं झाली."

मग तिनं सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. सांगून सांगून शब्द झिजले होते. हुमाम तिचा एकुलता एक. मित्राची मोटरसायकल परत द्यायला म्हणून सकाळी गेला. मोटरसायकल मित्राकडे पोचली. परत येताना हुमाम कुठेच पोचला नाही. इस्पितळं झाली, तुरुंग झाले, शवागारं झाली. कुणी म्हणालं अमक्यांनी उचलला, कुणी म्हणालं तमक्यांनी. वर्षभरानं लोक तिला भेटल्यावर दुसरंच काहीतरी बोलू लागले.

"त्याची खोली मी तशीच ठेवली. कंप्युटरवर चादर टाकली. बोटसुद्धा लावलं नाही, उस्ता. त्यानं जसा ठेवला तसा."

"मग काल का...?"

ती अबायाच्या कडेशी चाळा करत राहिली. "परवा सकाळी उठले, तर मला त्याचा आवाज आठवेना. चेहरा आठवतो. चेहऱ्याचे फोटो आहेत. चालणं आठवतं. पण तो बोलताना मनात आणला, की नुसते ओठ हलतात. दिवसभर प्रयत्न केला. भांडी घासताना, नमाज पढताना. नाहीच. माझ्या पोराचा आवाज मी विसरले. आई आहे का मी?"

जब्बारनं हातातला मीटर खाली ठेवला.

"ह्यात आहे तो," तिनं चादरीवर हात ठेवला. "फुटबॉलचं समालोचन करायचा. टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि स्वतःच बोलत सुटायचा, आणि ते ह्यात भरून ठेवायचा. म्हणायचा, यम्मा, बघ, एक दिवस मी रेडिओवर जाणार. गोल झाला की सगळी गल्ली दणाणायची. आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, हळू बोल रे मेल्या, हळू बोल. तेही त्यात आहे म्हणे. पाच वर्षं ऐकायची छाती झाली नाही. आता ऐकायला बसले तर हे असं."

"उम्म हुमाम," जब्बार म्हणाला, "डबा मेला म्हणजे आतलं सगळं मेलं असं नसतं. तो स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. शंभरात नव्याण्णव वेळा. मी तुम्हाला आवाज ऐकवतो. शब्द देतो."

त्यानं असा शब्द कधी कुणाला दिला नव्हता. डॉक्टर आणि दुरुस्तीवाला यांनी शब्द देऊ नये, हे तो स्वतःच इतरांना शिकवी. पण ती बाई समोर तशी बसलेली असताना दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं चादर सोडली, कंप्युटर पाठमोरा केला, आणि त्याचा हात थबकला. लाल खटका खाली होता.

पाच वर्षांची धूळ त्याच्याभोवती गच्च बसली होती. म्हणजे काल कुणी हलवला नव्हता. पोरगा गेला त्या दिवशी वतनी कमी होती, त्यानं खटका खाली करून काम केलं असणार, आणि तसाच ठेवून तो मोटरसायकल द्यायला गेला. आईनं बोट लावलं नाही. काल तिनं प्लग लावला तेव्हा भिंतीतून पुरते दोनशेवीस आले.

आणि मग तो पोरगाही आठवला. उंच, किडकिडीत, काउंटरवर कोपरं टेकून उभा. जब्बार डबा उघडत होता आणि तो पोरगा पकड-पेचकसावर समालोचन करत होता: "आणि अबू गायब पुढे सरसावतात, डावीकडच्या कपॅसिटरला चकवतात, पंखा मध्ये येतोय..." गल्ली गोळा झाली होती. शनावाचा चहा उतू गेला होता. खटक्याची युक्ती त्या पोरानं इथूनच नेली होती.

उम्म हुमामचं लक्ष शनावानं आणून ठेवलेल्या चहाकडे आहे असं बघून जब्बारनं अंगठ्यानं खटका हळूच वर सरकवला. असलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

डबा उघडला. दोन्ही मोठे कपॅसिटर फुटून त्यांच्यातला कागद बाहेर आला होता, फ्यूज काळा पडला होता, दोन ट्रान्झिस्टर आरपार गेले होते. हे त्याचं रोजचंच काम. थप्पीतले तीन मेलेले डबे उघडून त्यानं भाग काढले, एक एक मोजून घेतला, डाग दिले. उम्म हुमाम सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत होती. मग बल्ब लावला. बल्ब पेटला, आणि हळूहळू मंदावला.

"विझला!" ती घाबरून म्हणाली.

"विझायलाच हवा. जगला तो."

त्यानं तारेचा तुकडा घेऊन हिरवी तार काळीला जोडली. पंखा गरगरला. बारा, पाच, सव्वातीन, सगळे आकडे जागच्या जागी. इतका देखणा दुरुस्त झालेला डबा त्यानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पण आवाज जिच्यात भरलेला होता ती डिस्क जोडली तेव्हा ती गप्प राहिली. फिरण्याचा आवाज नाही, थरथर नाही. त्यानं ती काढून उलटी केली. तिच्या हिरव्या पट्टीवरच्या मोठ्या चिपला मध्यभागी भाजल्यासारखा फोड आला होता. फ्यूज उडायच्या आधी, पापणी लवते तेवढ्यात, तडाखा पुढे गेला होता. शंभरातली ती एक वेळ.

"दोन दिवस द्या," तो म्हणाला.

दोनाचे बारा झाले. तशाच डिस्कची पट्टी मिळवायला त्यानं सगळा अशार पालथा घातला, भंगारवाल्यांच्या पाया पडला. मिळाली, बसवली. डिस्क फिरली, आणि आतून टक् टक् टक् आवाज येऊ लागला. म्हणजे आतली वाचणारी सुईही बिघडली होती. बगदादला सिनाआ रस्त्यावर त्याचा जुना सोबती डिस्कमधला मजकूर काढायचं काम करी. ओळखीच्या ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवून त्यानं ती तिकडे पाठवली. आठवड्यानं सोबत्याचा फोन आला. "जब्बार, वाचणारी सुईच तबकडीवर घासत गेलीय. वर्तुळ पडलंय. आता परदेशात पाठव, नाहीतर चंद्रावर पाठव, तिथे काही उरलेलं नाही. कुणाची आहे?"

"आहे एकीची," जब्बार म्हणाला.

ह्या बारा दिवसांत उम्म हुमाम रोज दुपारी यायची. स्टुलावर बसायची, एक चहा घ्यायची, काही विचारायची नाही. जब्बारला वाटे, विचारलं असतं तर बरं झालं असतं. डिस्क परत आली त्या दिवशी त्यानं जेवण तसंच ठेवलं. बद्रियानं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून, खटक्यासकट.

"तिला म्हणा, डिस्क म्हातारी झाली होती," बद्रिया म्हणाली. "पाच वर्षं पडून होती, गंजली. म्हातारपणावर कोणी रागवत नाही."

"खोटं बोलू?"

"मग खरं सांगून तिच्या पदरात काय घालणार आहात? आवाज?"

तिचं पटलं. दुसऱ्या दिवशी तो वाक्य घोटत घोटत दुकानात गेला. पाच वर्षं पडून होती, गंजली. पाच वर्षं पडून होती, गंजली.

उम्म हुमाम आली. काउंटरवर डिस्क बघितली, त्याच्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. ती बसली नाही.

"गेला ना?"

"उम्म हुमाम, ही डिस्क फार..."

"माझ्याच हातानं गेला," ती म्हणाली. "मीच लावला. नसता लावला तर आत तरी राहिला असता. पाच वर्षं मी त्याला सांभाळला आणि एका दुपारी माझ्याच हातानं..." तिनं आपला उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो तोडून टाकायचा आहे. "हात झडो माझा."

तेव्हा जब्बारनं घोटलेलं वाक्य सोडून दिलं. म्हातारपणावर कोणी रागवत नाही हे खरं, पण ही बाई कोणावर रागवते आहे ते तो बघत होता.

"तुमच्या हातानं नाही," तो म्हणाला. "माझ्या जिभेनं."

आणि त्यानं सगळं सांगितलं. वतनी, खटका, शक्कल, गल्लीतल्या पोरांच्या दुवा. खटका खालीच राहिला होता, हुमामनं ठेवला तसा. तिनं फक्त प्लग लावला. आणि पहिल्या दिवशी तिचं लक्ष नसताना आपण तो चोरासारखा वर सरकवला, हेही सांगितलं. डबा मरतो, डबा दुरुस्त होतो, त्यात काय एवढं, असं म्हणत त्यानं इतकी वर्षं हसून काढली होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

"मला शिव्या द्या," तो म्हणाला. "द्यायलाच हव्यात."

"देईन," उम्म हुमाम म्हणाली. "मग देईन. तो इथे आला होता?"

"हो."

"ह्या दुकानात?"

"इथेच. ह्या काउंटरवर कोपरं टेकून."

"तुमच्याशी बोलला?"

"खूप बोलला."

ती आता बसली, अगदी काउंटरला टेकून. तिच्या चेहऱ्यावर राग कुठेच नव्हता, आणि ते जब्बारला रागाहून जड गेलं. "काय म्हणाला? गमतीजमती नकोत. साधं काय म्हणाला ते सांगा. घरात बोलतो तसं."

जब्बारनं डोळे मिटले. "मी त्याला म्हटलं, खटका खाली कर, काही होत नाही. तो दारापर्यंत गेला. मग वळला आणि म्हणाला, नक्की ना, उस्ता?"

"म्हणून दाखवा."

"म्हटलं ना. नक्की ना, उस्ता..."

"तसं नाही. तो म्हणाला तसं."

शनावा दोन चहा घेऊन दारात आला होता. तो तसाच मागच्या पावली परत गेला.

जब्बारचा आवाज सिगरेटींनी खरवडलेला, पन्नाशी ओलांडलेला. त्यानं घसा साफ केला. "नक्की ना, उस्ता?"

"नाही," ती म्हणाली. "असा नव्हता."

त्यानं जरा बारीक आवाज काढला. वीस वर्षांच्या पोराचा. "नक्की ना, उस्ता?"

"नाही."

"नक्की ना, उस्ता?"

"नाही हो. असा नाही."

पाच-सहा वेळा झालं. दर वेळी ती डोळे मिटून कान पुढे करी आणि दर वेळी मान हलवी. त्या शब्दांचा अर्थ जब्बारच्या अंगावर येत होता. जो प्रश्न पोरानं त्याला विचारला होता, तोच तो आता स्वतःला विचारत बसला होता, आणि त्या दिवशी आपण काय उत्तर दिलं ते त्याला लख्ख आठवत होतं. नक्की म्हणजे काय, शंभर टक्के. आईला सलाम सांग. एकाएकी त्याला काहीतरी सुचलं, आणि ते सुचल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तो पुढे झुकला.

"उम्म हुमाम, असा नाही हे तुम्हाला कळतंय ना? मग तो कसा होता हे तुम्हाला ठाऊक आहे. आवाज आहे तुमच्या आत. नसता तर तुम्ही नाही कसं म्हणाला असतात?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात चक्क माया होती, एखाद्या लहान मुलाच्या बोलण्यावर असते तशी.

"त्यासाठी आवाज आठवावा लागत नाही, उस्ता," ती म्हणाली. "डोळे उघडते तर समोर तुम्ही असता. 'नाही' म्हणायला एवढं पुरतं."

जब्बारनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. दोघंही रडत होती आणि कुणी ते लपवत नव्हतं. बाहेर वतनी गेली, पंखा थांबला, आणि जरा वेळानं गल्लीतल्या जनरेटरची घरघर सुरू झाली.

तिनं डोळे पुसले आणि पुन्हा मिटून घेतले.

"म्हणा," ती म्हणाली.

"नक्की ना, उस्ता?"

"नाही. पुन्हा."

त्यानं पुन्हा म्हटलं.